बोधिसत्त्वाचा डावा हात

(बुलढाणा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय टपाल तिकिटांचा, त्यातही चुकलेल्या तिकिटांचा. आत येताना एका गृहस्थांनी आम्हाला दारातच गाठलं आणि विचारलं, "साहेब, तिकिटात चूक असली तर किंमत किती येते?" प्रश्न नेहमीचा आहे. तिकिटं जमवणाऱ्या प्रत्येकानं तो ऐकलेला असतो, आणि खोटं कशाला बोला, आम्हीही तो अनेकांना विचारलेला आहे. पण या एका प्रश्नानं आपल्या छंदाचं बरंच नुकसान केलं आहे, असं आमचं मत झालंय. ते मत आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो.

शाळेत असताना आमच्याकडे तिकिटांची एक वही होती. घरात जुनी पत्रं तारेत खोचून ठेवलेली असत. त्यातली रिकामी पाकिटं मागून घ्यायची, तिकिटाचा कोपरा कापायचा, वाटीभर पाण्यात भिजत घालायचा आणि सुटलेलं तिकीट वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं. अशाच एका दुपारी एक आण्याची दोन तिकिटं निघाली. रंग तोच, निळसर हिरवा. किंमत तीच. चित्र बोधिसत्त्वाच्या मूर्तीचं, दोन्हींवर. आम्ही म्हटलं, हे एक जास्तीचं. ते वर्गातल्या एका मुलाला देऊन टाकलं आणि बदल्यात हंगेरीचं तिकोनी तिकीट घेतलं. त्या दिवशी आपण फार मोठा सौदा केला असं वाटलं होतं.

पुढे कित्येक वर्षांनी कॅटलॉग हातात आला. त्यात त्या एक आण्याच्या तिकिटाला दोन वेगळे क्रमांक दिलेले. एक १९४९ चं, एक १९५० चं. फरक एवढाच की १९४९ च्या तिकिटावर मूर्तीचा पुढे केलेला हात डावा आहे आणि १९५० च्या तिकिटावर उजवा. दोन्ही तिकिटं आमच्या हातात एकाच वेळी होती. आम्ही त्यांचा रंग पाहिला, किंमत पाहिली, शिक्का पाहिला. मूर्ती मात्र पाहिली नाही. ती तिकिटं पुन्हा मिळवायला आम्हाला चहा-नाश्त्याइतकेच पैसे पडले. पण ही गोष्ट मनात राहिली ती राहिलीच.

आता या तिकिटाची हकिकत नीट ऐका. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारतानं रोजच्या वापरासाठी नवी तिकिटं काढली. सोळा किमतींची ही मालिका. इंग्रज राजाचा चेहरा गेला आणि त्या जागी आपली शिल्पं आणि वास्तू आल्या. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, म्हणजे ज्या डोंगररांगेवर आपलं बुलढाणा वसलंय त्याच रांगेतला. नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती. दोन आण्यांवर नटराज, तीन आण्यांवर सांचीचं तोरण, सहा आण्यांवर विजापूरचा गोल घुमट, पंधरा रुपयांवर शत्रुंजयाची मंदिरं. आणि एक आण्यावर बोधिसत्त्व. छपाई आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसची.

विचार करा, केवढा मोठा प्रसंग होता तो. देश रोजच्या पाकिटावर स्वतःचा चेहरा चिकटवत होता. आणि त्यातल्या एका तिकिटावर मूर्ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली. वर्षभराच्या आत, १९५० साली, ती सुलटी करून त्याच किमतीचं, त्याच रंगाचं तिकीट पुन्हा काढलं.

हे होतं कसं? तुमच्या टपाल कचेरीतला शिक्का कधी हातात घेऊन पाहिला असेल तर कळेल. त्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, म्हणून कागदावर सुलटी उमटतात. छपाईच्या वाटेवर चित्र असं उलटसुलट होत जातं. फोटोची काच एकदा पालथी धरली गेली की डाव्याचं उजवं झालंच. अक्षरांच्या बाबतीत ही चूक लगेच सापडते, कारण ती वाचताच येत नाहीत. मूर्तीवर अक्षरं नसतात. त्या तिकिटावर अक्षरं आणि आकडे सुलटे आहेत, फक्त मूर्ती उलटी आहे. म्हणजे अक्षरं बसवण्याआधीच चित्र फिरलेलं होतं, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्यांना त्यात काही खटकलं नाही.

कोणी म्हणेल, हात डावा काय, उजवा काय, एवढं काय त्यात? मंडळी, आपल्यापैकी कितीजणांनी लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केल्यावर आजीचा फटका खाल्लाय? द्यायचा हात उजवा, घ्यायचा हात उजवा. गणपतीची सोंड कोणत्या बाजूला वळली आहे यावर आपल्याकडे पूजेचे नियम बदलतात. उजव्या सोंडेचा म्हटला की कडक सोवळं आलं. साध्या डाव्या सोंडेच्या गणपतीचा फोटो छापखान्यात उलटा झाला, तर घरातल्यांना सोवळ्यात बसवलंच म्हणून समजा.

आणखी जवळचं उदाहरण देतो. आपल्या मेहकरला शारंगधर बालाजीची मूर्ती आहे. अखंड काळ्या पाषाणाची, १८८८ साली जमिनीतून वर आलेली. दर्शन आपण सगळेच घेतो. पण विष्णूच्या मूर्तीचं एक गणित आहे. चार हात, चार आयुधं: शंख, चक्र, गदा, पद्म. कोणत्या हातात काय आहे यावरून त्या मूर्तीचं नाव ठरतं. केशव, नारायण, माधव, गोविंद... संध्येत म्हणतो ती चोवीस नावं. चार वस्तू चार हातांत चोवीसच प्रकारे देता येतात, हे शाळेतलं गणित आहे. आता अशा मूर्तीचा फोटो उलटा छापला तर काय होईल? मूर्ती तशीच सुंदर दिसेल, पण नाव बदलेल. म्हणजे वेगळाच देव होईल. डावं-उजवं ही बारीकसारीक गोष्ट नाही, ती मूर्तीची ओळख आहे. बोधिसत्त्वाचा हात बदलला तेव्हा हेच झालं.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. बाजारात तो मुद्दाम धूसर ठेवला जातो, म्हणून सांगतो. चुकलेली तिकिटं दोन जातींची. एक छपाईची चूक आणि दुसरी आराखड्याची चूक.

छपाईची चूक म्हणजे कागद उलटा गेला, रंग सुटला, छिद्रं मारायची राहिली. ती थोड्याच तिकिटांत होते. आपल्याकडचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८५४ चं चार आण्यांचं तिकीट. जगातल्या सुरुवातीच्या दुरंगी तिकिटांपैकी ते एक. लाल चौकट, आत निळ्या रंगात राणी व्हिक्टोरियाचं डोकं, कलकत्त्याला छापलेलं. दोन रंग म्हणजे कागद दोनदा छापायचा. एखादा कागद दुसऱ्या वेळी फिरला आणि राणी चौकटीत उलटी झाली. तशी मोजकीच तिकिटं आज माहीत आहेत. अमेरिकेचं १९१८ चं विमानाचं तिकीट तर सगळ्यांना ठाऊक आहे. २४ सेंटच्या शंभर तिकिटांचा एकच ताव उलट्या विमानासह खिडकीवर विकला गेला. त्यातल्या एका तिकिटाला २०२३ साली लिलावात २० लाख डॉलरच्या वर किंमत आली.

आराखड्याची चूक वेगळी. ती चित्रातच असते, म्हणून प्रत्येक तिकिटात असते. लाखो छापा, लाखोंत तीच चूक. त्यामुळे ती दुर्मीळ नसते आणि म्हणून बहुधा महागही नसते. दारातल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे: ज्या चुकीत विचार करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, तिची किंमत सगळ्यात कमी.

आमची टीका इथेच आहे, आणि ती आधी आम्हा संग्राहकांवर आहे. छपाईची चूक ही यंत्राची आणि दमलेल्या हातांची चूक. राणी उलटी झाली, यात राणीबद्दल किंवा छापणाऱ्याच्या समजुतीबद्दल काही कळत नाही. आराखड्याची चूक ही समजुतीची चूक. चित्रकारानं काढलं, अधिकाऱ्यानं मान्य केलं, छापखान्यानं तपासलं, आणि एवढ्या डोळ्यांखालून ती सुटली. त्या काळी काय पाहिलं जात होतं आणि काय पाहिलंच जात नव्हतं, याचा तो लेखी पुरावा आहे. आम्ही मात्र पहिलीला लोखंडी कपाटात ठेवतो आणि दुसरीला 'गंमत' म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवतो.

त्या शेवटच्या पानावर काय काय सापडतं बघा. १९०३ साली सेंट किट्स-नेव्हिस या बेटांच्या तिकिटावर कोलंबस दुर्बीण डोळ्याला लावून उभा आहे. कोलंबसची सफर १४९२ ची आणि दुर्बीण आली सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. १९४७ साली मोनॅकोनं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं तिकीट काढलं. रूझवेल्ट स्वतः पट्टीचे तिकीट-संग्राहक, आणि चित्रात ते आपली तिकिटंच पाहत बसलेत. त्यांच्या हाताला मात्र सहा बोटं! ज्या माणसानं आयुष्यभर भिंगातून तिकिटं पाहिली, त्याच्याच तिकिटावर कोणी बोटं मोजली नाहीत. १९५६ साली पूर्व जर्मनीनं संगीतकार शूमान यांच्या स्मृतिशताब्दीची दोन तिकिटं काढली. मागे स्वरलिपी छापली ती शूबर्टची! लोकांच्या लक्षात आलं आणि त्याच वर्षी शूमानच्या स्वरलिपीसह तिकिटं पुन्हा निघाली.

आता या सगळ्यांना एकाच पानावर ठेवायचं का? आमचं मत, नाही. सहा बोटं आणि डावा हात ही नजरेची चूक. दुर्बीण आणि स्वरलिपी ही माहितीची चूक. पण आणखी एक जात आहे जिला संग्राहक सर्रास चूक म्हणतात आणि ती चूक नसते. १९३७ साली निकाराग्वानं देशाचा नकाशा असलेलं तिकीट काढलं. होंडुरासबरोबर ज्या भागाचा तंटा होता तो आपल्या नकाशात घेतला आणि त्यावर 'वादग्रस्त प्रदेश' असं छापलं. होंडुरासमध्ये संताप उसळला आणि इतर देशांना मध्यस्थी करावी लागली. तो तंटा शेवटी १९६० साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात मिटला. अशा तिकिटाला 'नकाशाची चूक' म्हणणं हा भोळेपणा आहे. त्या देशानं जे म्हणायचं होतं तेच छापलं. नजर चुकणं, माहिती चुकणं आणि ठरवून दावा करणं या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत, तर आपण तिकिटं जमवतो पण वाचत नाही.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चूक झाली, सापडली, मग काय केलं?

यात सरकारांचे तीन स्वभाव दिसतात. नाशिकच्या बोधिसत्त्वाचा आणि शूमानचा एक: सुधारा आणि पुन्हा काढा. दुसरा अमेरिकेत १९६२ साली दिसला. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हमरशोल्ड यांच्या तिकिटावर पिवळा रंग उलटा छापला गेला. काही ताव लोकांच्या हाती लागले आणि एका संग्राहकाला आपण मालामाल झालो असं वाटलं. तिथल्या पोस्टमास्तर जनरलनं काय करावं? तीच चूक मुद्दाम पुन्हा छापायचा हुकूम दिला, सुमारे चार कोटी तिकिटं! दुर्मीळपणा संपला, भाव कोसळला. संग्राहक चिडले. आम्हाला मात्र त्या अधिकाऱ्याचं फारसं चुकलं असं वाटत नाही. टपाल खात्याच्या चुकीवर कोणी श्रीमंत व्हावं, असा काही नियम नाही. पण एक खरं की चूक मुद्दाम छापली की ती चूक राहत नाही. तिच्यातला पुरावा पुसला जातो.

तिसरा स्वभाव आजच्या काळाचा, आणि आम्हाला त्याची जास्त काळजी वाटते. अमेरिकेनं २०१० च्या अखेरीस स्वातंत्र्यदेवतेचं तिकीट काढलं. फोटो तयार चित्रांच्या साठ्यातून घेतलेला. पुढच्या वर्षी एका संग्राहकाच्या लक्षात आलं की हा चेहरा न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा नाही, लास व्हेगासमधल्या एका हॉटेलासमोरच्या प्रतिकृतीचा आहे. खात्यानं काय सांगितलं? फोटो आम्हाला आवडला आहे, तोच राहील. तिकिटं छापली जात राहिली. मग ती प्रतिकृती घडवणारा शिल्पकार कोर्टात गेला आणि २०१८ साली त्याला सुमारे ३५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. चूक कळल्यावरही 'चालतंय की' म्हणणं ही पहिल्या चुकीपेक्षा मोठी चूक.

पण या गोष्टीत आम्हाला धीर देणारंही काही आहे. ती चूक शोधली कोणी? चित्र निवडणाऱ्यांनी नाही, छापणाऱ्यांनी नाही. एका संग्राहकानं शोधली. पुस्तकाला जसा मुद्रितशोधक असतो, तसा तिकिटाचा शेवटचा मुद्रितशोधक म्हणजे संग्राहक. बाकी सगळे तिकीट चाटतात, चिकटवतात आणि विसरतात. थांबून पाहणारा तो एकटाच असतो. ते काम सोडून तो भावाच्या मागे लागला, तर मग पाहायचं कोणी?

कोणी असंही म्हणतं की चुका गोळा करणं म्हणजे दुसऱ्याच्या फजितीवर हसणं. हा आक्षेप आम्ही मनावर घेतला आहे, कारण त्यात तथ्य आहे. नाशिकच्या छापखान्यात ज्यांच्या हातून ती मूर्ती फिरली, त्यांनी त्याच मालिकेत बाकीची पंधरा तिकिटं उभी केली होती, तीही नव्या देशाच्या पहिल्या घाईत. म्हणून आमचा आग्रह असा की चूक एकटी जपू नका. १९४९ चं तिकीट जपा, तर शेजारी १९५० चंही लावा. एकट्या पहिल्या तिकिटात हसण्यासारखं आहे. दोन्ही शेजारी ठेवली की दिसतं, एका नव्या देशाच्या साध्या खात्यानं डावं-उजवं महत्त्वाचं मानलं आणि एक आण्याच्या तिकिटासाठीसुद्धा चित्र पुन्हा बसवलं. त्या दुरुस्तीला आजवर कोणी लिलावात पुकारलं नसेल. तिची जागा वहीच्या पहिल्या पानावर आहे.

शेवटी आपल्या जिल्ह्याबद्दल. १९९९ साली जिजाऊंवर टपाल तिकीट निघालं. सिंदखेडराजाच्या लेकीचा चेहरा देशभर पाकिटांवरून फिरला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्यात चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तुमच्यापैकी किती जणांनी ते तिकीट भिंगाखाली धरून पाहिलं? कॅमेऱ्याच्या आधीच्या माणसाचं चित्र कल्पनेनंच काढावं लागतं. मग पेहराव त्या काळचा आहे का, दागिने कुठले, वास्तू कुठली, हे तपासायला सिंदखेडराजाच्या माणसापेक्षा जास्त हक्क कोणाचा? उद्या लोणारचं सरोवर किंवा मेहकरची मूर्ती तिकिटावर आली तर शंख कोणत्या हातात आहे हे दिल्लीत कोणाला आठवणार? ते मेहकरच्या माणसाला आठवायला हवं. रोज दर्शन घेणाऱ्यालाच जर ते सांगता आलं नाही, तर छापणाऱ्याला दोष कोणत्या तोंडानं द्यायचा?

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. जुनी पत्रं असतील तर काढा. एक आण्याचं, निळसर हिरवं तिकीट दिसलं तर हात पाहा. डावा निघाला तर आनंद होईलच, पण विकायला धावू नका, फार काही मिळणार नाही. उजव्या हाताचं शोधा आणि दोन्ही शेजारी लावा. आणि पुढच्या वेळी मेहकरला गेलात की हात जोडण्याआधी क्षणभर मूर्तीचे चारही हात नीट बघून या.

आम्ही ते तिकीट हंगेरीच्या तिकोनाला विकलं होतं. तुम्ही विकू नका, एवढंच सांगायला आलो होतो.